तुवालूला जायचंच असेल तर

सुवा, फिजी

ती. आई-बाबा यांस,
शि. सा. न.

काल फोनवर आवाज तुटत होता, म्हणून सविस्तर लिहितेय. इथवर येताच आहात तर पॅसिफिकमधला तो चिमुकला बेटांचा देश, तुवालू, बघायचाच, हा बाबांचा हट्ट मान्य. १९७६ सालची तिथली पहिली टपाल तिकिटं अल्बममध्ये चिकटवून बसलेला माणूस आणखी काय मागणार! पण मी गेल्या वर्षी जाऊन आलेय, तेव्हा थोडं माझंही ऐका.

भारतातून तुम्ही इथे फिजीत नांदीला उतराल. तुवालूचं विमान मात्र सुवाजवळच्या नौसोरीहून सुटतं. मधे चार तासांचा रस्ता आहे, म्हणून आधी आठवडाभर माझ्याकडे राहा. विमान छोटं, पंख्यांचं, तेही आठवड्यातून मोजक्याच दिवशी. हवा बिघडली की रद्द. म्हणून परतीनंतर चार दिवस मोकळे ठेवायचे, लगेच मुंबईचं विमान धरायचं नाही. बाबा, हे तुमच्यासाठी.

आई, गोळ्या. दोघांच्याही बीपीच्या, लागतील त्याच्या दुप्पट घे आणि हातातल्या पिशवीत ठेव. देशभरात रुग्णालय एकच आहे. चिठ्ठीही बरोबर असू दे. लोणचं आणू नकोस असं म्हणत नाही, पण फिजीच्या विमानतळावर फॉर्मात लिही, लपवू नकोस.

पैसे ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये, रोख. एटीएम आलं ते २०२५ साली, त्याच्या भरवशावर जाऊ नका. रविवारी सगळे चर्चमध्ये, दुकानं बंद. शनिवारीच बिस्किटं घेऊन ठेवायची. भाजीची पंचाईत आहे. जमीन म्हणजे प्रवाळाचा चुरा, नदी नाही, पाणी पावसाचं, टाक्यांत साठवलेलं. तैवानच्या मदतीने चालणाऱ्या बागेत काकडी मिळते, पण सकाळी लवकर जावं लागतं. आईने डाळ-तांदूळ बरोबर घेतले तर मी हसणार नाही.

फेब्रुवारी-मार्च नको. मोठ्या उधाणाला तिथं पाणी नुसतं किनाऱ्यावरून येत नाही, अंगणात जमिनीतूनच वर येतं. मी चपला हातात घेऊन चालले होते. जून ते सप्टेंबर बरं.

आणि संध्याकाळी धावपट्टीवर जायचंच. १९४३ साली युद्धात अमेरिकनांनी बांधलेली. विमान यायच्या आधी भोंगा वाजतो, लोक बाजूला होतात. एरवी तिथं पोरं व्हॉलीबॉल खेळतात, बायका चटया टाकून गप्पा मारतात. डांबर सूर्यास्तानंतरही कोमट असतं. आईच्या गुडघ्यांना छान शेक. कुणी 'तालोफा' म्हटलं की तुम्हीही म्हणा, तोच नमस्कार.

बाबा, टपाल तिकिटांचं कार्यालय राजधानी फुनाफुटीतच आहे, पण ते शनिवार-रविवारवर ढकलू नका.

तारखा कळवा. मी आधी परतीच्या जागा बघते, जायच्या नंतर.

तुमची,
मनू