टूकॅन म्हणजे नुसती चोच नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतला दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या, भल्यामोठ्या चोचीच्या टूकॅन पक्ष्यांवरचा लेख वाचला. छायाचित्रे देखणी आहेत, पण ‘घनदाट वर्षावनाचा राजा’ म्हणून अर्धे पान ज्याला दिले, तो टोको टूकॅन घनदाट जंगलात फारसा राहतच नाही. त्याला ब्राझीलमधली सेराडोची विरळ झाडी, पँतानालचा पाणथळ प्रदेश मानवतो. टूकॅनच्या कुळात चाळीसहून अधिक जाती आहेत. खरे वर्षावनवासी, म्हणजे बेलीझचा राष्ट्रीय पक्षी असलेला सप्तरंगी चोचीचा टूकॅन किंवा डोक्यावर प्लॅस्टिकच्या चकत्यांसारखी कुरळी पिसे मिरवणारा याच कुळातला ॲमेझॉनचा अरासारी, यांचा लेखात उल्लेखही नाही.

चोचीला लेखकाने ‘ओझे’ म्हटले आहे. बाहेरून केराटिनचे (आपली नखे ज्याची बनतात त्या प्रथिनाचे) पातळ कवच, आत हाडांच्या बारीक काड्यांची जाळी आणि बाकी हवा, अशी तिची रचना असते. एवढी मोठी दिसूनही टोकोच्या वजनात तिचा वाटा जेमतेम विसावा भरतो. शिवाय उकाडा वाढला की हा पक्षी चोचीकडे जास्त रक्त वळवतो आणि अंगातली उष्णता बाहेर टाकतो. २००९ मध्ये संशोधकांनी हे इन्फ्रारेड कॅमेऱ्याने टिपले. असले ओझे कोणाला नको असेल?

लेखातले ‘निरुपद्रवी फळाहारी’ हेही अर्धसत्यच. टूकॅन दुसऱ्यांच्या घरट्यातली अंडी आणि पिल्ले बिनदिक्कत फस्त करतो. पँतानालमध्ये हायसिंथ मकाव हा मोठा निळा पोपट मुख्यतः मांडुवी झाडाच्या ढोलीत घरटे करतो. या झाडाच्या बहुतेक बिया दूरवर नेऊन टाकतो टोको, आणि मकावची अंडी पळवणाऱ्यांतही टोकोच आघाडीवर. आता याला मकावचा मित्र म्हणायचे की वैरी?

लेखात सर्वांत खटकली ती जंगलतोडीची एका ओळीत केलेली बोळवण. ब्राझीलच्या अटलांटिक वनात जिथून टूकॅनसारखे रुंद जबड्याचे पक्षी नाहीसे झाले, तिथे जुसारा ताडाच्या बियाच लहान झाल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. मोठ्या बिया गिळणारे कोणी उरले नाही, म्हणून त्या बिया झाडाखालीच पडून राहिल्या. उरलेल्या छोट्या पक्ष्यांना झेपतील अशा लहान बियाच दूर जाऊन रुजल्या. लहान बी लवकर सुकते, म्हणजे पाऊस कमी झाला तर या ताडाचे आणखी हाल. पुरवणीत जागा असेल तर याच विषयावर स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक