डबल काच घेताना बिलावर काय लिहून घ्यावं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या घरसजावटीच्या पानावर गेला उन्हाळाभर डबल ग्लेझिंगच्या, म्हणजे मधे पोकळी ठेवून बसवलेल्या दुहेरी काचेच्या खिडक्यांच्या जाहिराती येत होत्या. खिडक्या बदला, ऊनही जाईल आणि आवाजही, असा त्यांचा एकूण सूर. कुपवाडला माझं खिडक्यांचं वर्कशॉप आहे. अ‍ॅल्युमिनियम आणि यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) दोन्ही कामं करतो आणि डबल काचही बसवतो. वस्तू चांगली आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण सांगली-मिरजेत ती ज्या पद्धतीनं लोकांच्या गळ्यात मारली जातेय, त्यात कष्टाचा पैसा वाया जातोय. हे रोज डोळ्यांसमोर घडताना गप्प बसवत नाही, म्हणून हे पत्र.

आधी उन्हाचं बोलतो, कारण गिऱ्हाईक येतं ते बहुतेक उन्हाला कंटाळून. ही काच थंड मुलखात वाढली. तिकडं घर आतून तापवतात आणि ती ऊब बाहेर जाऊ नये म्हणून दोन काचांमध्ये कोरडी हवा कोंडतात. एकेरी काचेतून जेवढी ऊब निसटते, तिच्या जवळपास निम्मीच मग बाहेर जाते. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा खरा त्रास पश्चिमेच्या खिडकीतून थेट आत येणाऱ्या उन्हाचा असतो. ६ मिलिमीटरची साधी काच उन्हातली सुमारे ८२ टक्के उष्णता आत सोडते. तिच्या जोडीला तशीच साधी काच बसवली की हा आकडा ७० च्या आसपास येतो. एवढ्यासाठी खर्च मात्र साध्या खिडकीच्या दुपटीच्या पुढं जातो. ऊन काचेवर पडायच्या आधीच अडवलं तर फरक कितीतरी मोठा. त्यासाठी छज्जा, बाहेरून सोडलेली बांबूची चिक किंवा नुसतं झाड पुरतं. नव्या बंगल्यांवरून छज्जे गायब होत चालले आहेत याचं मला खरोखर वाईट वाटतं. दर्शनी भाग सपाट दिसावा म्हणून छज्जा काढायचा आणि मग आतल्या उकाड्यावर महागडी काच शोधत फिरायचं, हे मला पटत नाही.

एसीच्या खोलीत डबल काच कामाची आहे. तिथंही ऊन परतवणारं कोटिंग असलेली काच मागा, आणि ते कोटिंग बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला, म्हणजे पोकळीकडं हवं. ते आहे की नाही हे घरबसल्या कळतं. संध्याकाळी काडी पेटवून काचेसमोर धरा. दोन काचांचे चार पृष्ठभाग असतात, म्हणून ज्योतीची चार प्रतिबिंबं एकामागे एक दिसतात. चारही एकाच रंगाची दिसली तर काच साधी आहे. कोटिंग असेल तर एक ज्योत वेगळ्या रंगाची दिसते. घराच्या आत उभं राहून पाहिलंत तर ती तुमच्याकडून तिसरी असायला हवी. कोटिंगचे पैसे मोजून साधी काच मिळालेली घरं मी पाहिली आहेत.

आता काच बनते कशी ते. कारखान्यातल्या पक्क्या युनिटमध्ये दोन काचांच्या कडेनं अ‍ॅल्युमिनियमची पोकळ पट्टी असते. तिला आम्ही स्पेसर म्हणतो. स्पेसरच्या पोटात ओल शोषून घेणारे बारीक दाणे भरलेले असतात आणि आतल्या अंगाला सुईनं टोचल्यासारखी भोकं असतात. काचेला पट्टी चिकटते ती ब्युटाइल नावाच्या चिकट रबरानं, आणि त्यावर बाहेरून सिलिकॉन किंवा पॉलिसल्फाइडचं दुसरं सील. हे सगळं वगळून काही जण दुकानातच दोन काचांमध्ये रबराची पट्टी ठेवतात, कडेनं सिलिकॉन फिरवतात आणि डबल ग्लेझिंग म्हणून देतात. कोंडली जाते ती आपलीच दमट हवा. पहिल्या पावसाळ्यातच आतून धुकं धरतं. ते पुसता येत नाही, कारण तिथं हात पोचत नाही. मग अख्खं युनिट बदलावं लागतं आणि तोवर बसवणारा फोन उचलत नाही.

पक्क्या युनिटचीही बसवताना वाट लागते. चौकटीच्या खालच्या पट्टीला पाणी निघून जायला भोकं ठेवलेली असतात. मुंग्या येतात म्हणून पोरं ती सिलिकॉननं बुजवून टाकतात. मग पावसाचं पाणी चौकटीत साचतं, काचेची खालची कड दिवसेंदिवस ओली राहते आणि सील सुटतं. आमच्याकडं कामाला येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी पहिल्याच दिवशी ती भोकं दाखवतो.

आवाजाचं प्रकरण याहून नाजूक. विश्रामबागला शंभर फुटी रस्त्याला लागून एका काका-काकूंचा जुना बंगला आहे. काकांची बायपास झालेली, रात्री झोप नाही. कुणीतरी त्यांना सगळ्या सागवानी खिडक्या उपटून डबल काचेच्या स्लायडिंग खिडक्या बसवायचं कोटेशन दिलं होतं. काकूंनी मला बोलावलं. मी उदबत्ती पेटवली आणि बंद झडपेच्या कडेकडेनं फिरवली. वरच्या बाजूला धूर सरळ चढत होता. खालच्या बिजागरीपाशी आला आणि एकदम आत वळला. तिथं झडप चौकटीला टेकतच नव्हती, नाणं सरकेल एवढी फट होती. आवाज तिथून येत होता. खिडकीच्या क्षेत्रफळाचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला, तरी काच कितीही भारी लावा, २० डेसिबलच्या पलीकडं आवाज अडत नाही. स्लायडिंगमध्ये ही फट कायमचीच असते, कारण शटर सरकायला जागा लागते आणि तिथं नुसता ब्रश असतो.

आम्ही सुताराकडून बिजागऱ्या काढून झडपा नीट बसवून घेतल्या, चौकटीच्या खाचेत रबर घातलं. चाळीस वर्षं टिकलेलं सागवान काढून टाकायचं काहीच कारण नव्हतं. फक्त रस्त्याकडच्या झोपायच्या खोलीची खिडकी बदलली. बाहेरची काच लॅमिनेटेड, म्हणजे मधे पातळ थर घालून दोन काचा चिकटवलेली, आतली वेगळ्या जाडीची, आणि हँडल फिरवलं की चारी बाजूंनी रबरावर दाबून बसणारं उघडझाप शटर. दोन्ही काचा एकाच जाडीच्या घेतल्या तर दोन्ही एकाच सुराला कापतात आणि तो आवाज आरपार जातो. म्हणून वेगळी जाडी. ट्रकचा हॉर्न अजून ऐकू येतो पण त्यानं यांना जाग येत नाही, असं काकूंनी सांगितलं.

डॉल्बीपुढं मात्र यातलं काहीच पुरत नाही. तो जाड, छातीत घुमणारा आवाज १२ मिलिमीटरच्या पोकळीला जुमानत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती पाळून घेणं प्रशासनाचं काम आहे. त्यासाठी नागरिकांनी खिडक्यांवर लाखभर रुपये घालावेत असं कुणी सुचवू नये.

गावभाग, मारुती चौक, टिळक चौक या बाजूच्या लोकांना वेगळं सांगायचं आहे. २००५, २०१९ आणि २०२१ चं पाणी आपण सगळ्यांनी पाहिलं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४५ फुटांची धोका पातळी ओलांडली की तुमच्या तळमजल्याचं काय होतं हे मी सांगायला नको. डबल काचेचं सील पावसाचं पाणी सोसतं, पण दिवसेंदिवस पुराच्या पाण्यात बुडून राहणं त्याला सोसत नाही. २०१९ च्या पुरानंतर एका ऑफिसची केबिन साफ करायला गेलो होतो. चौकटीतला गाळ धुऊन निघाला, पण काचांच्या मधे कंबरेच्या उंचीपर्यंत मळकट रेघ तशीच राहिली. पुराच्या पट्ट्यात तळमजल्याला एकेरी टफन (तापवून मजबूत केलेली) काच लावा, ती धुता येते. डबल काच हवीच असेल तर वरच्या मजल्यावर बसवा.

केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं २०१८ साली घरांसाठी 'इको निवास संहिता' काढली. तिच्यात भिंत, काच आणि छज्जा यांचा एकत्र हिशेब धरून घरात शिरणारी उष्णता चौरस मीटरला १५ वॅटच्या आत ठेवायला सांगितलं आहे, आणि खोलीच्या मानानं उघडता येणारी खिडकी किती हवी तेही. हा एकत्र हिशेब जाहिरातीत कुठंच दिसत नाही.

माझी वाचकांना विनंती आहे की बिलावर दोन्ही काचांची जाडी, मधलं अंतर, कोटिंग कोणत्या अंगाला, स्पेसरमध्ये ओल शोषणारे दाणे आहेत की नाही आणि धुकं धरलं तर किती वर्षांत युनिट फुकट बदलून मिळेल, हे लिहून घ्या. नुसतं 'डबल काच' लिहिलेल्या कोटेशनवर अ‍ॅडव्हान्स देऊ नका. आणि आपल्याला विनंती अशी की, वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आपल्याच गावात आहे, तिथल्या स्थापत्य विभागातल्या जाणकारांकडून सांगलीच्या उन्हाला कोणती खिडकी सोसते यावर एक लेख लिहून घ्यावा आणि तो त्याच घरसजावटीच्या पानावर छापावा.

आपला,
एक खिडकी फॅब्रिकेटर,
कुपवाड, जि. सांगली