मंत्रिमहोदय, साडेदहा ते दीड शाळेचा फोन वाजू देऊ नका

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
यांस सप्रेम नमस्कार.

मी माणदेशातल्या एका वाडीवर राहते. बारावीपर्यंत शिकले, घरची शेती बघते. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत आहे आणि मी शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. शाळा पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक, पट 23. पहिली-दुसरी बाईंकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे. आषाढात गुरुजींना आठवडाभर मतदार यादीच्या कामाला जावं लागलं आणि चारही वर्ग एकट्या बाईंवर आले. तेव्हा समितीत ठरलं की एका पालकानं रोज शाळेत बसायचं, मोठ्या मुलांचं वाचन आणि पाढे घ्यायचे. सोमवार ते शनिवार मी बसले. मधलं दार उघडं ठेवलं होतं, त्यामुळे दोन्ही खोल्यांतलं दिसत होतं. जे पाहिलं ते तुम्हाला कळावं म्हणून हे पत्र लिहिते आहे.

सोमवारी दहाला परिपाठ झाला. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका, दिनविशेष, सगळं मुलांनीच घेतलं. साडेदहाला बाईंनी दुसरीचं गणित काढलं. फळ्यावर संख्या लिहायच्या होत्या. बाई म्हणाल्या, त्रेसष्ट. एका मुलीनं लिहिले 36.

आपण मोठी माणसं याला चूक म्हणतो. पण ती पोर कानाला ऐकू आलं तसंच लिहीत होती. त्रेसष्ट म्हणताना तीन आधी येतात आणि साठ मागून. लिहिताना मात्र सहा आधी. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘साठ तीन’ असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा वाद झाला होता, ते तुम्हालाही आठवत असेल. मराठी बिघडवायला निघालेत, असं तेव्हा मीही म्हणत होते. आजही मला त्रेसष्टच म्हणायला आवडतं. पण मुलांची अडचण खरी आहे, हे त्या दिवशी समोर बसून कळलं.

बाईंना ते पाठ होतं. त्यांनी फळा पुसला नाही की मुलीला रागावल्या नाहीत. खराट्याच्या काड्यांचा डबा काढला. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे रबर लावून बांधलेले होते, सुट्या काड्या वेगळ्या. म्हणाल्या, “त्रेसष्ट मांड.” मुलीनं आधी तीन सुट्या काड्या घेतल्या, मग एकेक गठ्ठा मोजत सहा गठ्ठे घेतले. आता बाई तिला विचारणार होत्या की यातलं डावीकडे काय ठेवायचं. तेवढ्यात फोन वाजला. वरून कुणीतरी विचारत होतं की सकाळच्या संदेशातली माहिती अजून का भरली नाही, बाराच्या आत हवी. बाई टेबलाशी गेल्या, कपाटातून रजिस्टर काढलं, आकडे बघून मोबाइलवर भरू लागल्या. मुलीनं थोडा वेळ वाट पाहिली. मग गठ्ठ्याचं रबर काढून बोटाला गुंडाळत बसली. बाई परत आल्या तेव्हा काड्या पसरल्या होत्या आणि वर्गात कालवा चालू होता.

मी वहीत टिंबं मारत होते. सोमवारी साडेदहा ते दीड या तीन तासांत बाईंना सात वेळा शिकवणं सोडून मोबाइल हातात घ्यावा लागला. मंगळवारी पाच वेळा. बुधवारी सहा. प्रत्येक वेळचं काम दहा-पंधरा मिनिटांचं. कधी कुठली लिंक भरायची, कधी कार्यक्रमाचे फोटो पाठवायचे, कधी मागच्या आठवड्यात दिलेली माहितीच नव्या तक्त्यात पुन्हा द्यायची. साहेब, पंधरा मिनिटांत वर्ग मोडतो आणि तो पुन्हा जमायला आणखी पंधरा मिनिटं जातात. चार वर्ग एकत्र असतील तर त्याहून जास्त.

मग गुरुवार उजाडला. बुधवारी रात्री जोराचं वारं सुटलं, लाईट गेली आणि सकाळी टॉवरही बंद होता. कुणाच्याच फोनला रेंज नव्हती.

त्या दिवशीची शाळा मी विसरणार नाही. बाईंनी पुन्हा तोच डबा काढला, त्याच मुलीला बोलावलं. तिनं तीन काड्या आणि सहा गठ्ठे घेतले. बाईंनी जमिनीवर खडूनं दोन चौकोन काढले, डावा गठ्ठ्यांचा, उजवा सुट्यांचा. मुलगी उठून दुसऱ्या बाजूला गेली, तिथून बघितलं, परत आली. सगळं मिळून दहा मिनिटं गेली असतील. बाई एक शब्द बोलल्या नाहीत. मग तिनं गठ्ठ्यांखाली 6 लिहिले, काड्यांखाली 3, आणि मोठ्यानं म्हणाली, “त्रेसष्ट!” लगेच स्वतःच छत्तीस मांडले आणि दोन्हींकडे बघत बसली.

त्याच दिवशी चौथीच्या मुलांना बाईंनी तांदळाच्या डब्याशी नेलं. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला 100 ग्रॅम तांदूळ. आज हजर 21. तर तांदूळ किती काढायचा? एक मुलगा म्हणाला, एकवीसशे ग्रॅम. दुसरीकडून आवाज आला, दोन किलो शंभर. दोघांचं भांडण काट्यावर मिटलं. दोन किलोचं वजन, वर शंभराचं, आणि तांदूळ त्यांनीच ओतला. स्वयंपाक करणाऱ्या ताईंनी तेच तांदूळ शिजवले. जेवताना तो मुलगा सगळ्यांना सांगत होता की आजचा भात आम्ही मोजलाय.

शुक्रवारी बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण, तोंडावर आला म्हणून मातीकाम होतं. ओढ्याची काळी माती आणली होती. तिसरीत एक मेंढपाळाचा मुलगा आहे, वर्षातले काही महिने कळपाबरोबर बाहेर असतो, शाळेत आला तरी बोलत नाही. आठवडाभर मी त्याला एक ओळ वाचायला लावू शकले नव्हते. शेजारच्या मुलानं केलेला बैल बघून तो एकदम म्हणाला, “ह्याला वशिंड कुठाय? खिलाराला वशिंड असतंय.” मग शिंगं मागं कशी जातात, तोंड लांब कसं असतं, रंग कसा असतो, सांगतच राहिला. बाईंनी त्याची वाक्यं, तो बोलला तशीच, फळ्यावर लिहिली. ‘खिलाराला वशिंड असतंय. त्याची शिंगं मागं जात्यात.’ आणि त्याला म्हणाल्या, वाच. त्यानं वाचलं. अडखळत, बोट ठेवून, पण सगळं वाचलं. आपलंच बोलणं फळ्यावर आहे हे त्याला कळलं तेव्हा त्याचा चेहरा बघायला तुम्ही तिथं असायला हवे होतात.

सहावं वाक्य लिहायच्या आधी फोन वाजला. रेंज आली होती. सणाच्या उपक्रमाचे फोटो तासाभरात पाठवायचे होते. मातीनं भरलेले हात धुऊन मुलं ओळीत उभी राहिली, बैल हातात धरून. दोन बैलांची शिंगं मोडली. फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा काढला, मग तो जाईना. त्या मुलाची वाक्यं पाचवरच राहिली.

शनिवारी सकाळची शाळा होती, दप्तराविना. खेळ, गाणी झाली. तेवढंच सांगते.

साहेब, मी कुणाची तक्रार करत नाही. माहिती मागणाऱ्यांकडेही वरून माहिती मागितली जात असणार. पण शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षात 200 दिवस आणि 800 तास अध्यापन सांगितलं आहे, म्हणजे दिवसाला चार तास. हे तास हजेरीपटावर भरतात, वर्गात भरत नाहीत. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं, हे केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचं उद्दिष्ट आहे आणि त्याची मुदत 2026-27 आहे. ते गाठायचं तर बाईंना त्या काड्यांशी बसू द्यावं लागेल.

2024 साली शासनानं शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची वर्गवारी करणारा निर्णय काढला. चांगलं झालं. पण एखादं काम शैक्षणिक ठरलं तरी ते कोणत्या वेळी करायचं हा प्रश्न उरतोच. म्हणून माझं मागणं साधं आहे. परिपाठ संपल्यापासून मधल्या सुट्टीपर्यंत कोणत्याही शाळेकडे माहिती, फोटो किंवा लिंक मागायची नाही, फोन करायचा नाही, असा लेखी शासन निर्णय काढा. अपघात किंवा आपत्ती असेल तर गोष्ट वेगळी. बाकी जे लागेल ते आठवड्यातून एकदा, शनिवारी शाळा सुटल्यावर मागा. आमच्या बाई ते आनंदानं देतील, आणि भरायला मदत लागली तर आम्ही शिकलेले पालक बसू.

गुरुजींचंही सांगते. निवडणुकीचं काम कायद्यानं शिक्षकांना देता येतं, हे मला माहीत आहे. पण 2007 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की ते सुट्टीच्या आणि शिकवणं नसलेल्या दिवशी द्यावं, एरवी शिकवण्याच्या वेळेत देऊ नये. दोन शिक्षकांच्या शाळेतून एक उचलला की अर्धी शाळा बंद होते. निदान अशा शाळांपुरतं हे काटेकोर पाळा. माझ्यासारखी बारावी झालेली बाई पाढे घेऊ शकते, शिकवू शकत नाही.

तुम्हाला जमलं तर एकदा सकाळी अशा एखाद्या वाडीवरच्या शाळेत या. आधी कळवू नका, नाहीतर मुलं स्वागतगीत बसवण्यात दोन दिवस घालवतील. मागच्या भिंतीला टेकून साडेदहा ते दीड बसा आणि टिंबं मारा.

आमच्या समितीची बैठक दर महिन्याला होते. या पत्राचं उत्तर आलं तर मी ते बैठकीत वाचून दाखवीन.

आपली नम्र,
तिसरीतल्या एका मुलीची आई