नाव विचारायचं राहून गेलेल्यांना

परभणीहून परळच्या टाटा रुग्णालयात आलो तेव्हा लेक ६ वर्षांची होती. रक्ताचा कर्करोग, उपचार अडीच वर्षं. प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या रक्तातल्या पेशी, जेमतेम ५ दिवस टिकतात, जास्त दिवस साठवून ठेवता येत नाहीत, हे तिथंच कळलं. तिच्या खाली आल्या तेव्हा एक पोरगा विरारहून पहाटेच्या लोकलनं आला, प्लेटलेट द्यायला दीड तास हाताला सुई लावून पडून राहिला आणि कामाला उशीर होतो म्हणून चहाही न घेता गेला. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतल्या मावशी, तुमचाच नातू आजारी, तरी माझ्या पोरीसाठी मऊ भात वेगळा काढायचात. आणि मीटर न टाकणारे टॅक्सीवाले काका! (भाडं द्यायला गेलो तर रागावलात.)

आता तिची वेणी घालता येते. हुरड्याला या सगळे.