वजन घटविण्याच्या गटांतील आहारसल्ला

महोदय,

शहापूर भागातील वजन घटविण्याच्या एका गटात मी गेल्या वर्षी तीन महिने जात होते. पहाटे साडेपाचला वीसेक बायका जमायच्या, एकमेकींची विचारपूस करीत चालायच्या. या सोबतीमुळेच माझे चालणे टिकले, हे कृतज्ञतेने नमूद करते. आहाराचा सल्ला मात्र चिंताजनक होता. भाकरी-भात बंद करून दोन्ही वेळा डब्यातली प्रथिनांची पावडर दुधात घुसळून घ्यायला सांगत, आणि मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या माझ्या जाऊबाईंनाही तोच तक्ता दिला गेला. एके सकाळी त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि त्या अंगणातच बसल्या. साखरेचे पाणी पाजल्यावर सावरल्या. काही गोळ्या तेवढ्याच ठेवून जेवण एकाएकी तोडले, तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या घसरू शकते, हे तिथे कुणाच्या ध्यानातही नव्हते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत प्रथिनांच्या पावडरी टाळण्यास सांगितले आहे. प्रथिनांसाठी आपल्याकडे तर मटकीची उसळ आणि ताक घरोघरी असते. जिल्हा आरोग्य खात्याने अशा सल्लागारांची पात्रता तपासावी आणि पोषणाची माहितीपत्रके कन्नडबरोबर मराठीतही द्यावीत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, शहापूर, बेळगाव