काडीकचऱ्यातून नुसती वीजच का?

शेतातील काडीकचरा आणि जंगलातील फांद्या-भुसा यांवर छोटे वीजप्रकल्प चालवावेत, असे सुचवणारा आपला लेख वाचला. कल्पना मनापासून पटली. पण सगळा भर विजेवर आहे, तिथे माझा आक्षेप आहे. वाफेवर चालणाऱ्या छोट्या प्रकल्पात इंधनातील उष्णतेपैकी बहुधा २० टक्क्यांहून कमी भागाचीच वीज होते. उरलेली धुराड्यातून आणि थंडाव्याच्या पाण्यातून निघून जाते. हीच उष्णता धान्य वाळवायला किंवा शेजारच्या कारखान्याला दिली, तर वीज धरून इंधनातील ८० टक्क्यांपर्यंत उष्णता उपयोगी पडू शकते. म्हणून परवानगी देतानाच 'उष्णता कोण घेणार?' हे विचारायला हवे.

कोणीच घेणारे नसेल, तर निदान इंधन तरी त्यावर वाळवा. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळपास निम्मे वजन पाण्याचे असते. ओली फांदी पेटवली की टोकाशी पाणी फसफसते, धुराने डोळे चुरचुरतात आणि जाळ काही धरत नाही. बॉयलरमध्येही हेच होते: बरीच उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडते. आणि एक, रानातला सगळाच पालापाचोळा उचलून नेऊ नये. काही जमिनीत कुजू द्यावा.

– एक वाचक