परराष्ट्रमंत्री महोदय, अर्ज नेमका कुठे करायचा?

मा. परराष्ट्रमंत्री, भारत सरकार, यांस सादर नमस्कार.

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका छोट्या सार्वजनिक न्यासाची मी सचिव आहे. बचत गटातल्या बायकांचं काजू प्रक्रिया युनिट आणि कलमांची रोपवाटिका, एवढाच आमचा व्याप. टांझानियाच्या दक्षिणेला म्ट्वारा भागात काजू पिकवणाऱ्या कुटुंबांबरोबर आम्हाला दोन हंगाम काम करायचं आहे आणि त्यासाठी भारत सरकारचं अनुदान हवं आहे. ते मागायचं कुठे, हे विचारण्यासाठी हे पत्र.

टांझानियाच का, असं गावातही विचारतात. कोकणची बी संपली की इथल्या कारखान्यांत आफ्रिकेची बी फुटते, म्हणून ओळख जुनीच आहे. तिथला बहुतेक माल न फोडताच बोटीवर चढतो आणि फोडणावळीचा पैसा दुसऱ्या देशात जातो. आम्ही तिथे वेंगुर्ला-4 किंवा वेंगुर्ला-7 या इथल्या काजूच्या जातींची रोपं नेणार नाही. त्याला जैवविविधतेचे आणि क्वारंटाइनचे वेगळे नियम आहेत. नेणार ती कलम बांधण्याची हातातली कला. दीड-दोन महिन्यांचं रोप, तेवढ्याच जाडीची चांगल्या झाडाची काडी, दोन्ही बाजूंनी तासलेली पाचर, ती खाचेत बसवून प्लास्टिकची पट्टी ताणून गुंडाळायची आणि वर टोपी घालायची. पट्टी जरा सैल राहिली की आत पाणी शिरतं आणि काडी काळी पडते. हे पुस्तकातून येत नाही, शेजारी बसून येतं. बी फोडायच्या कटरचंही तसंच. बी नीट धरली तर गर अख्खा, कलली की पाकळी, आणि पाकळीला अख्ख्याचा भाव कोण देणार? टरफलातल्या तेलाने बोटं सोलवटू नयेत म्हणून काय लावायचं, हेही आमच्या बायकांनाच जास्त ठाऊक.

शिवाय हंगाम जुळतो. आमची बी फेब्रुवारी ते मे, त्यांची ऑक्टोबर ते जानेवारी. आमच्याकडे हात रिकामे असतात तेव्हा तिथे काम असतं.

आता अडचण. 2025-26 च्या अर्थसंकल्पात आफ्रिकी देशांच्या मदतीसाठी 225 कोटी रुपये होते. आपल्या मंत्रालयात 2012 पासून विकास भागीदारीचा स्वतंत्र विभाग आहे. आयटेक हा परदेशी लोकांना प्रशिक्षण देणारा आपला कार्यक्रम तर 1964 पासून चालू आहे. नेपाळमध्ये 2003 पासून आपल्या दूतावासामार्फत शाळा, दवाखाने, पाण्याच्या योजना असे पाचशेहून जास्त लहान प्रकल्प उभे राहिले. 2023 मध्ये आयआयटी मद्रास झांझिबारला पोचली. म्हणजे पैसा आहे, विभाग आहे, इच्छाही आहे. भारतातल्या गावच्या संस्थेने भरायचा अर्ज मात्र कुठे दिसत नाही. एका कार्यालयाला लिहिलं तर त्यांनी दुसऱ्याचा पत्ता दिला, दुसऱ्याने पुन्हा पहिल्याचा.

संस्थांना हे काम दिलंच जात नाही असंही नाही. राजस्थानातल्या तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने आयटेकच्या मदतीने आफ्रिकेतल्या बायकांना सौर दिवे जोडायला शिकवलं. ‘सेवा’ या अहमदाबादच्या कष्टकरी बायकांच्या संघटनेने काबूलच्या बायकांना शिवणकामाचं शिक्षण दिलं. जयपूर फूट या कृत्रिम पायाची शिबिरं आपल्या मंत्रालयाने 2018 मध्ये परदेशात सुरू केली. सगळी नामवंत मंडळी, आणि कामंही चोख. पण त्या वाटेने आणखी कुणाला जायचं असेल तर जाहिरात, शेवटची तारीख, अर्जाचा नमुना यातलं काहीच आम्हाला सापडलं नाही. जपानमध्ये जायका या परदेशी मदतीच्या सरकारी संस्थेकडे तिथल्या स्वयंसेवी संस्था, विद्यापीठं आणि नगरपालिकाही अर्ज करतात. ऑस्ट्रेलियाचा असा कार्यक्रम 1974 पासून आहे. संस्थेला काही वाटा लोकांकडून गोळा करून घालावा लागतो. तशी अट इथे असली तर आमची हरकत नाही.

दुसरी अडचण आमच्या सीएने दाखवली, आणि ती जास्त गंभीर आहे. आयकर कायद्यानुसार धर्मादाय न्यासाने भारताबाहेर केलेला खर्च करमाफीत धरला जात नाही. भारताला ज्यात रस आहे अशा आंतरराष्ट्रीय कल्याणाचं काम असेल, तरच केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ तशी सूट देऊ शकतं, आणि त्यासाठी मंडळाचा आदेश लागतो. म्हणजे उद्या आपण पैसे मंजूर केलेत तरी ते म्ट्वाऱ्यात खर्च करण्यासाठी आम्ही अर्थ मंत्रालयाची पायरी चढायची. एका सरकारने दिलेल्या पैशाला त्याच सरकारची दुसरी परवानगी! बाहेरून पैसा आणायचा तर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याची कडक का होईना, पण आखलेली वाट आहे. बाहेर न्यायचा तर पायवाटही नाही.

‘मुंबई-गोवा महामार्ग पुरा होईना आणि ह्या चालल्या आफ्रिकेला’ असं आमचे शेजारी म्हणतात. खड्डे रोज आम्हीही मोजतो. पण आफ्रिकेच्या मदतीचे 225 कोटी महामार्गावर पडणार नाहीतच, मग त्यातले पंचवीस-तीस लाख कोकणच्या हातांना मिळाले तर बिघडलं कुठे? त्यांना शिकवून आपला प्रतिस्पर्धी तयार करता, हा दुसरा टोमणा. बेनिनने एप्रिल 2024 पासून कच्च्या बीची निर्यात बंद केली. आफ्रिकी देश बी फोडायला शिकणारच आहेत. आपण नाही शिकवलं तर व्हिएतनाम शिकवेल. तेव्हा ओळख कुणाची राहील, हे परराष्ट्र खात्याला मी सांगायला नको.

आमचं मागणं मोठं नाही. भारतातल्या न्यासांना, सहकारी संस्थांना आणि कृषी विद्यापीठांना लहान प्रकल्पांसाठी दरवर्षी उघड अर्ज मागवावेत. मंजुरीच्या फाइलबरोबरच कर मंडळाचा आदेशही निघावा. अर्ज नाकारलात तर कारण लेखी द्यावं. अनुदान कशावर खर्च झालं हे दाखवणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्राच्या जीएफआर 12-ए या सरकारी नमुन्याबद्दलही आधीच खुलासा व्हावा, कारण म्ट्वाऱ्याच्या बाजारात प्लास्टिक पट्टी घेतली तर पावती स्वाहिलीत मिळेल, तीही हस्तलिखित, आणि आमच्या ऑडिटरला ती वाचता येणार नाही.

आणि पैसा वेळेवर यावा. सरकारी अनुदान जानेवारी-फेब्रुवारीत येतं आणि 31 मार्चच्या आत संपवा म्हणून सांगतात. तोवर म्ट्वाऱ्यातली बी विकून झालेली असते. अर्ज एप्रिलमध्ये मागवले आणि पहिला हप्ता ऑगस्टअखेर सुटला, तर आमच्या बायका ऑक्टोबरला तिथे पोचतील. पासपोर्ट त्यांनी आत्ताच काढायला टाकलेत.

आपली,
वेंगुर्ले तालुक्यातील एका काजू प्रक्रिया न्यासाची सचिव